हातवाले साहेब

साहेबांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. हात लावल्याशिवाय कुठलीही गोष्ट त्यांना पटायची नाही. चहाच्या टपरीवर आधी किटलीला उलटा हात लावायचे, मग "दोन दे" म्हणायचे. स्टँडवर अंबडची गाडी लागलेली दिसली की आम्ही सगळे दाराकडे धावायचो, साहेब मात्र पुढे जाऊन बॉनेटवर तळहात ठेवायचे आणि मला सांगायचे, "गरम हाये. आत्ताच आल्ती. ड्रायव्हर चहा पिल्याबिगर हालत न्हाई आता. चल, रस पिऊ." एकदा एका वरातीत त्यांनी नवरदेवाच्या घोडीच्या मानेला हात लावला आणि "हिला ताप हाये, नाचवू नका," म्हणून सगळी वरात थांबवली. नवरदेवाचा मामा अंगावर धावून आला. बँडवाले हसत सुटले. शेवटी घोडीवाल्यानेच मान खाली घालून कबूल केलं की घोडी दोन दिवसांपासून चारा खात नाहीये.

शहराला आणि वाटेतल्या गावांना पाणी देणाऱ्या एका योजनेवर ते अभियंता होते. योजनेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पंपिंग स्टेशनवरची माणसं त्यांना हातवाले साहेब म्हणायची, समोर नुसतं साहेब. मीही तेच म्हणायचे.

माझी त्यांची पहिली भेट फाटकावर झाली. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आमच्या छोट्या संस्थेतल्या मंडळींनी पाण्यावर पत्रक काढलं होतं. मजकूर माझा. "पाणी कुठे मुरतंय? अधिकारी झोपलेत!" अशी वर ठळक ओळ, खाली उद्गारचिन्हांचा पाऊस. साहेब बाहेर आले, एक पत्रक घेतलं आणि उन्हात उभे राहून दोन्ही बाजू वाचून काढल्या. माझं पत्रक इतकं नीट वाचणारा तो पहिला माणूस.

"झोपलेत लिहिलं. कोन झोपलंय?"

"सगळेच," मी म्हणाले.

"तू पाह्यलं? मी सकाळी सहापासून हितं हाये. हात लावून पाह्य, जागा हाये का न्हाई." आणि त्यांनी खरंच मनगट पुढे केलं. मागे उभी असलेली आमची पोरं हसली, माझा चेहरा पडला. मग म्हणाले, "अगं, कागद वाया गेला. कोणत्या गल्लीत, कोणत्या वारी, किती वाजता नळ आला, तेवढंच लिही. मंग बघ मला घाम फुटतो का न्हाई."

मी तसंच लिहिलं. महिनाभर जुन्या जालन्यातल्या गल्ल्यांमधून वही घेऊन फिरले. ते पत्रक निघालं आणि साहेबांना वरून कारणे दाखवा नोटीस आली. ती नोटीस घेऊन ते स्वतः आमच्या घरी आले. मला वाटलं, आता शिव्या बसणार. ते आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोरीनं मला फसवलं न्हाई, पकडलं. पोरगी बराबर शिकली." आईने घाबरून चहाच्या ऐवजी सरबत दिलं. ग्लासाला हात लावून ते म्हणाले, "थंड हाये. बेस!"

त्या दिवसापासून मी त्यांची 'पत्रकबाई' झाले. पाच वर्षं माझं एकही पत्रक त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापखान्यात गेलं नाही. त्यांच्याच खात्यावर लिहिलेलं पत्रक ते तपासायचे, चुका काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पत्रकाचं उत्तर लिहायला कचेरीत बसायचे. एवढा सरळ माणूस मी पाहिला नव्हता. हे आज लिहिताना माझा हात थांबतो, पण त्या वेळेपुरतं ते खरंच होतं. खोटं कशाला लिहू?

पाणी आणि संगणक यांचा संबंध मला त्यांनीच समजावला. स्टेशनच्या एका खोलीत मोठा पडदा होता. त्याला तिथले लोक 'स्काडा' म्हणायचे. कुठला पंप चालू, कुठला व्हॉल्व्ह उघडा, कुठल्या टाकीत किती पाणी, सगळं त्या पडद्यावर. खुर्चीत बसून एक बटण दाबलं की चार किलोमीटरवरचा व्हॉल्व्ह फिरतो. मी भारावून पाहत होते तर म्हणाले, "खुश नको होऊ. जे हितून फिरतं ते दुसरीकडून बी फिरू शकतं."

मग त्यांनी मला गल्ली सांगितली. "जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांची लाइन पाह्यली ना? दुकानाला दुकान चिकटलेलं. चोर एका दुकानाची मागची भिंत फोडून आत शिरला की आतल्या आत भिंती फोडत टोकापर्यंत जातो. म्हणून एका सेठला भिंतीत भोक दिसलं की तो आधी शेजारच्या सेठला हाक मारतो. दिवसभर भावावरून भांडतील, पण भिंतीचं सांगतील. देशांचं बी तसंच हाये. आपला संगणक एका देशात बनला, त्यातला प्रोग्राम दुसऱ्या देशात, दुरुस्तीवाला तिसऱ्याच गावाहून इंटरनेटवरून आत येतो. पाणी, वीज, रेल्वे, बँका, दवाखाने, सगळ्यांच्या भिंती सामायिक. तिकडं भोक पडलं की त्यांनी आपल्याला सांगायचं, हिकडं पडलं की आपण त्यांना."

"भांडणारे देश सांगतील एकमेकांना?"

"सांगून राह्यले. रोज. तुला दिसत न्हाई एवढंच."

या कामावर त्यांचा भाबडा म्हणावा इतका जीव होता. अशा यंत्रणा सांभाळणाऱ्या लोकांसाठी दिल्लीत एक प्रशिक्षण झालं, तिथे पाचसहा देशांचे सरकारी अधिकारी येणार होते. योजनेवरून साहेबांची निवड झाली. जाताना साहेबांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. परत आले ते लहान मुलासारखे हरखून. "अगं, त्या लोकांनी बी धपाट्याला आधी हात लावून पाह्यला, मंग खाल्ला. माणसं चांगली हायेत!" अर्धा तास फक्त धपाट्यांचं चाललं. मग माझ्याच एका पत्रकाच्या पाठीवर त्यांनी रंगीत पेनांनी चार ठिपके काढले. देश एकमेकांना ज्या सूचना देतात, त्यांवर रंगाची खूण असते, ते सांगत होते. पांढरी म्हणजे कुणालाही सांगा. हिरवी म्हणजे आपल्या क्षेत्रातल्या लोकांत ठेवा. पिवळी म्हणजे आपल्या कचेरीत, ज्याला गरज त्यालाच.

"आणि लाल?"

"लाल म्हंजे ज्याच्या कानात सांगितलं त्याच्यापुरतं. बायकोला न्हाई, वरच्या साहेबाला न्हाई. ज्यानं सांगितलं तोच रंग बदलू शकतो, दुसरं कुनी न्हाई."

"मग ज्या घरात चोर शिरणार आहे त्या घरातल्या माणसाला कोण सांगणार?"

ते हसले. "तू पत्रकबाई हायेस म्हणून असं विचारतेस," म्हणाले आणि पेनांना टोपणं लावली. उत्तर दिलं नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही असं पहिल्यांदाच झालं होतं आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

पडदा कितीही भारी असला तरी साहेबांच्या स्टेशनवर एक रीत होती. दिवसातून दोनदा ऑपरेटरने उठून, चालत जाऊन, मुख्य व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये उतरून पाइपला हात लावायचा. पाणी वाहत असलं की पाइप बारीक थरथरतो, थांबलं की मुका होतो. पडदा काहीही म्हणो, हाताने जे सांगितलं ते खरं. ही रीत कुठल्याही पुस्तकात नव्हती, कुठल्या कागदावर नव्हती. साहेबांनी तोंडी लावली आणि सगळ्यांनी तोंडी पाळली.

ती सगळ्यात मनापासून पाळायची वैशालीताई. अंबड तालुक्यातल्या एका गावातली. वडील निवृत्त गुरुजी, रविवारी गावच्या विहारात मुलांना गणित शिकवणारे. ताईने डिप्लोमा केला आणि त्या स्टेशनवर शिफ्ट सांभाळणारी ती पहिली बाई ठरली, कंत्राटावर का होईना. जिभेची तिखट. मला म्हणायची, "तुझ्या साहेबांना उद्या साक्षात देव दिसला ना, तर आधी पाइपासारखा हात लावून बघतील, चालू हाये का बंद." हे साहेबांच्या समोर म्हणायची आणि साहेब मोठ्याने हसायचे. ताईला घडवलं त्यांनीच. बाकीचे इंजिनियर "बाईला चेंबरमध्ये कशाला उतरवता?" म्हणायचे, तेव्हा साहेब म्हणाले होते, "पाइपाला काय कळतंय बाईचा हात का बाप्याचा?"

आणि मग तो आठवडा आला. एका सोमवारी साहेबांनी सगळ्या ऑपरेटरांना बोलावून सांगितलं की आजपासून दिवसातून दोनदा नाही, दर दोन तासांनी हात लावायचा. लोक कुरकुरले. उन्हाळ्याचे दिवस, चेंबर चार-पाच मिनिटांच्या वाटेवर, आत उतरलं की भट्टी.

"साहेब, कामून?" ताईने विचारलं.

"मी सांगतो म्हणून."

ताईने हे मला त्याच संध्याकाळी सांगितलं, हसत हसत. "साहेब म्हातारे झाले बघ. कारण द्यायचं सोडलं."

गुरुवारी सकाळी साडेदहाला ताई खुर्चीवरून उठली. पडद्यावर सगळं हिरवं होतं. व्हॉल्व्ह उघडा, दाब बरोबर. चेंबरमध्ये उतरून तिने पाइपला हात लावला तर पाइप मुका. व्हॉल्व्हवरचा काटा 'बंद' वर. म्हणजे व्हॉल्व्ह मिटलेला आणि मागून तीन पंप पाणी ढकलत होते. ताई वर चढून शेजारच्या पंपघरात पळाली आणि एकेक पंप हाताने बंद केला. तिसरा बंद करताना पाइपचा मागचा एक सांधा उडाला. खालच्या वस्तीतल्या घरांत आणि एका गोदामात पाणी शिरलं, शहराचा पुरवठा बरेच दिवस तुटला. माणसं वाचली. बाहेरून कुणीतरी इंटरनेटवरून आत शिरून व्हॉल्व्ह मिटवला होता आणि पडद्याला खोटं बोलायला लावलं होतं, हे आज मला माहीत आहे. त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

दिल्लीहून एक पथक आलं, संगणक उचलून घेऊन गेलं, सांगून गेलं की तांत्रिक तपास गोपनीय आहे. मागे उरला एक कॅमेरा. त्या कॅमेऱ्यात दिसत होती रिकामी खुर्ची, चौदा मिनिटं. लोक संतापलेले, रस्त्यावर घागरी. कुणालातरी पुढे करायचं होतं. आणि माझ्या पत्रकांनीही आगीत तेल ओतलंच होतं, तेही कबूल करते. स्थानिक चौकशी लागली: ऑपरेटर कर्तव्याची जागा सोडून गेली, त्या वेळात पडद्यावर आलेला इशारा कुणी पाहिला नाही, म्हणून बिघाड वेळेत लक्षात आला नाही.

ताई घाबरली नव्हती. मी तर मुळीच नाही. साहेब होते ना! मी तिला सांगितलं, "तू हसत जा चौकशीला. साहेब एका वाक्यात निकाल लावतील. माझा शब्द." हा शब्द मी तिच्या वडिलांनाही दिला, त्यांच्या ओसरीवर बसून, त्यांच्या हातचा चहा पिऊन.

चौकशीत साहेबांना विचारलं गेलं, ऑपरेटरने खुर्ची सोडून चेंबरकडे जावं असा काही आदेश होता का? साहेब म्हणाले, "लेखी आदेश नाही."

एवढंच. त्यापुढे पूर्णविराम. शब्दाशब्दाने खरं आणि सबंध खोटं. ताई समोर बसली होती. तिने मला नंतर सांगितलं की साहेबांनी तेव्हा टेबलाच्या काचेकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. बाकीचे ऑपरेटरही कंत्राटावरच; साहेबच बोलले नाहीत म्हटल्यावर ते कशाला बोलतील? आठवड्यात कंत्राटदाराने तिला काढून टाकलं. गावात बोलणं सुरू झालं: बाई फोनवर बोलत बसली होती, बाई बाहेर कुणाला तरी भेटायला गेली होती. गुरुजींनी रविवारी विहारात जाणं बंद केलं. मुलं विचारतात, म्हणाले.

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "थोडा धीर धर. सगळं सांगता येत न्हाई." मी धीर धरला. हे लिहायची मला लाज वाटते, पण धरला. कुणी दुसरा अधिकारी असता तर दुसऱ्या दिवशी त्याच्या फाटकावर पत्रकं असती. साहेब होते म्हणून मी स्वतःची समजूत घातली. ताईने कामगार कार्यालयात अर्ज केला, तारखांवर तारखा पडल्या, आणि मी प्रत्येक तारखेला तिला सांगत राहिले की साहेबांकडे काहीतरी कारण असेल.

कारण होतं. ते मला एका सभागृहात कळलं, टाळ्यांच्या आवाजात.

दीडेक वर्षाने नवीन जालन्यात एक कार्यक्रम झाला. अनेक देशांचे अधिकारी मिळून अशा यंत्रणांच्या संरक्षणाचं काम कसं करतात, ते पाहायला परदेशी पाहुणे आले होते. शेवटचं सत्र सगळ्यांसाठी खुलं होतं, मला संस्थेतर्फे पास मिळाला. पाहुण्यांमधल्या एक अधिकारी बाई बोलत होत्या, शेजारी दुभाषी हिंदीत सांगत होता. त्यांच्या देशात कुणीतरी पाण्याच्या यंत्रणेत शिरलं होतं. तेच लोक भारतातही शिरतील अशी शंका आली, म्हणून त्यांनी इकडे सूचना दिली. लाल खुणेची. ती मोजक्या माणसांपर्यंत पोचली. आणि इथल्या एका अभियंत्याने कुणालाही एक अक्षर न सांगता, नुसती हाताने तपासणी वाढवून, मोठं संकट एका सांध्यावर थांबवलं. "विश्वास पाळणं आणि लोकांना वाचवणं, दोन्ही एकाच वेळी कसं करावं, ते आम्ही या शहराकडून शिकलो," असं त्या म्हणाल्या. मागच्या पडद्यावर पाइपवर ठेवलेल्या एका तळहाताचं चित्र आलं. साहेबांना शाल आणि नारळ दिला. सगळं सभागृह उभं राहिलं.

मीही उभी राहिले. शेजारचे उभे होते म्हणून. टाळ्या वाजवल्या की नाही, आठवत नाही.

पाहुणे जेवायला गेले तेव्हा मी साहेबांना गाड्यांच्या मागे गाठलं. खांद्यावर शाल तशीच होती.

"सूचना किती दिवस आधी आल्ती?"

"चार दिवस."

"म्हणून दर दोन तासांनी."

"म्हणूनच. अगं, सांगता येत नव्हतं, म्हणून जेवढं करता येत होतं तेवढं केलं. समजून घे. एकदा आपण फोडलं की तो देश पुढच्या वेळी सांगणार न्हाई. मंग भिंत पडली तरी कुनी हाक मारत न्हाई. सगळ्या गावाचं पाणी एकीकडं आन्..."

"आन् एक बाई एकीकडं. बोला ना."

त्यांनी शाल खांद्यावर सारखी केली.

"साहेब, तुम्हाला सूचनेचं नाव घ्यायचं नव्हतं. चौकशीत एवढंच म्हणायचं होतं: आदेश माझा होता, तोंडी होता, कारण सांगता येत नाही. यात कुठल्या देशाचं काय फुटत होतं?"

"पुढचा प्रश्न आला असता, कामून दिला म्हणून."

"आला असता. तुमच्यावर आला असता. तिच्यावर आला नसता."

त्यांनी शाल काढून घडी घालायला सुरुवात केली. नीट घडी बसेना. मी विचारलं, "आज तर भर सभेत सांगितलं. लाल खूण कधी निघाली?"

त्यांनी घडी पुन्हा मोडली. मग म्हणाले, "मागच्या दिवाळीच्या आधी."

दिवाळीनंतर ताईच्या तीन तारखा झाल्या होत्या. तिन्ही वेळा मी तिच्याबरोबर बाकावर बसले होते, तिन्ही वेळा तिला म्हणाले होते की साहेबांकडे काहीतरी कारण असेल.

"तवा बोललो असतो तर लोक म्हणले असते, इतके दिवस कुठं गेल्ता?"

"मीही तेच विचारते आहे."

"पत्रक काढशील?"

"काढणार."

"काढ. बिलकुल काढ. फक्त त्या देशाचं नाव नको टाकू. माझ्यासाठी न्हाई म्हणत. पुढं कुनाच्या तरी पाण्यासाठी म्हणतो."

ते नाव मी पत्रकात टाकलं नाही, इथेही टाकत नाही. कारण गल्लीची गोष्ट खरी आहे. भिंती सामायिक आहेत, देशांनी एकमेकांना सांगितलंच पाहिजे, आणि कधीकधी गुपचूप सांगावं लागतं हेही मला मान्य आहे. माझं भांडण त्या सूचनेशी नाही. सरकारं एकमेकांचा विश्वास जपतात, रंगांच्या खुणा जपतात, पाहुण्यांची शाल जपतात. आणि ज्या बाईने आत उतरून पाइपला हात लावला तिला द्यायला यांच्याकडे एक वाक्य नसतं! कंत्राटावरच्या माणसाशी विश्वास पाळायचा नियम कुठल्याही रंगात लिहिलेला नाही. तो साहेबांना आतून माहीत असेल असं मला वाटलं होतं. मी तेवढ्यावर पाच वर्षं काढली.

माझ्या सांगण्यावरून ताईच्या वकिलांनी साहेबांना रीतसर पत्र पाठवलं: दर दोन तासांनी तपासणीचा तोंडी आदेश आपण दिला होता काय? एवढी साधी संधी. तोवर त्यांची दिल्लीला बदली झाली होती, या सहकार्याच्याच कामावर, मोठ्या जागी. उत्तर आलं, टाइप केलेलं, खाली सही. "सदर बाबीचे स्मरण नाही." या माणसाला योजनेवरच्या प्रत्येक व्हॉल्व्हचा नंबर पाठ होता. जायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला फोन केला होता, "येऊन जा गं, हे वाट पाहतायत." मी गेले नाही.

ताईला हे सगळं सांगायला मी तीन आठवडे घेतले, तोवर पत्रकही छापलं नाही. साहेबांची साक्ष हातात घेऊन जायचं असं मनात धरलं होतं. ती आली नाही, तेव्हा रिकाम्या हाताने गेले. ती आता एका बियाणे कंपनीच्या कचेरीत बसते, पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या तपासायला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर कट्ट्यावर बसलो. मी सूचनेचं सांगितलं, लाल खुणेचं सांगितलं, सभागृहातलं चित्र सांगितलं. डबा उघडा ठेवून ती ऐकत राहिली.

"थांब," ती म्हणाली. "म्हंजे मी खुर्चीतच बसून राह्यले असते तर?"

"तर पडदा हिरवाच दिसत राहिला असता. आणि सगळी लाइन गेली असती."

"म्हंजे मी बराबर केलं होतं."

"बरोबर केलं होतंस."

ती रडेल असं वाटलं होतं. ती भडकली, आणि माझ्यावर. "दीड वर्ष! रोज आंघोळीला बादली लावली, पाणी पडायला लागलं, की मी ती चौदा मिन्टं पुन्हा चालते. उठले नसते तर कळलं असतं का, पळत गेले असते तर वाचलं असतं का. आन् तू दर तारखेला साहेब, साहेब! तुझे साहेब!" ती बोलत राहिली, मी ऐकत राहिले. ते माझंच होतं, मला मिळायलाच हवं होतं. मग तिने डब्याचं झाकण लावलं, ओढणीने तोंड पुसलं आणि फोन लावला.

"बाबा, ही आलीय. हिचं ऐका," म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

मी गुरुजींना सांगितलं, तुमच्या मुलीची चूक नव्हती, तिच्यामुळे बाकीचं वाचलं.  मग त्यांनी विचारलं, "हे साहेबांनी स्वतः सांगितलं का?"

"नाही, गुरुजी. त्यांना स्मरण नाही. मी सांगते आहे."

"बरं. थांबा, चष्मा घेतो." काहीतरी सरकल्याचा, वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "रविवारी मुलांना वाचून दाखवायचंय, तर नीट सांगा. साहेब, साहेब नको. त्यांचं पूर्ण नाव सांगा. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव."

इतक्या वर्षांत ते नाव मी एकदाही तोंडाने उच्चारलं नव्हतं. ताई माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं.

"पुढं," गुरुजी म्हणाले.